पेटी, पेंढा आणि पितळी पंखा

हौशी : गणपतीपुळे, मालगुंड, जयगड या पट्ट्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर अजून असे पंखे सापडतात. बिडाची जड बैठक, पितळेची पाती, पितळी तारांची जाळी आणि मागच्या बाजूला मान डोलवणारी गिअरची डबी. मुंबईत १९०५ साली वीज आणि ट्राम चालवणारी कंपनी उभी राहिली, पुढे घरोघर वीज आली, तसे विलायती टेबल पंखेही आले. चाकरमान्यांनी नोकरीत असताना ते घेतले आणि गावात दिवे लागल्यावर इकडे आणले. आज जुने घर पाडून पर्यटकांसाठी खोल्या बांधायचे ठरले की आधी माळा रिकामा होतो. भंगारवाला येतो, पितळेचा किलोचा भाव देतो आणि पंखा कायमचा जातो. पुण्यात, मुंबईत, बंगळूरमध्ये हाच पंखा उघडून, साफ करून पुन्हा फिरवणारी माणसे आहेत. अडचण आहे ती मधल्या वाटेची, आणि नीट बांधलेले पार्सल ती वाट पार करते असे माझे म्हणणे आहे. रत्नागिरी जिल्ह्याला तर नाजूक माल पाठवायला कुणी शिकवायला नको. हापूस पेटीत भाताच्या पेंढ्यावर रचून वाशीच्या बाजारात न डागाळता पोचवणारा हा मुलूख आहे. ज्यांना आंबा पाठवता येतो, त्यांना लोखंड-पितळेचा पंखा पाठवता येऊ नये?

साशंक : आंब्याचा दाखला तुम्ही दिलात, म्हणून तोच आधी तपासू. एक आंबा पाव किलोच्या आसपास. पेटीचे वजन पाच-सहा डझन फळांत सारखे वाटलेले असते. हादरा बसला तरी एकेका फळाच्या वाट्याला तो थोडाच येतो, आणि तेवढा पेंढा सोसतो. पंख्याचे तसे नाही. जुना बारा इंची टेबल पंखा नऊ-दहा किलो भरतो, सोळा इंची तेरा-चौदा किलो. ते वजन दोनच ठिकाणी साठलेले असते, खाली बैठकीत आणि वर मोटरीत. दोन्हींना जोडणारी मान मात्र अरुंद. पार्सल आडवे आपटले की बैठक थांबते आणि मोटर पुढे जायला बघते. सगळा जोर मानेवर येतो. बीड वाकत नाही, तडकते. शिवाय पेंढ्याचे काम फक्त धक्का सोसण्याचे नसते. तो ऊब धरतो, हवा खेळू देतो, आणि आंबा वाटेत पिकत जातो. पंख्याला वाटेत पिकायचे नाही. त्याला कोरडे राहायचे आहे, आणि पेंढा तर दमट हवेत पाणी ओढून घेतो. जड वस्तू चार तास हादरत राहिली की तो दबून बसतो आणि वस्तू तळाला जाते. आंब्याच्या पेटीची अक्कल आंब्यापुरती खरी आहे. ती जशीच्या तशी पंख्याला लावली तर तीच पंख्याला मारील.

हौशी : पेंढा सोडला, पण त्यामागची अक्कल सोडत नाही. पेटी भरणारा बागायतदार प्रत्येक फळाकडे बघून ठरवतो की देठ कुठे, दाब कुठे चालेल, कुठे चालणार नाही. पंख्याकडे तसेच बघायचे. आणि आता नुसत्या अंदाजावर जायचीही गरज नाही. सुरक्षित वाहतुकीचे मानदंड ठरवणारी ‘इस्टा’ नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या १ए या प्राथमिक चाचणीत पार्सल आधी थरथरवतात, मग दहा वेळा पाडतात : एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहादा सहा बाजूंवर. दहा किलोपर्यंतचे पार्सल ७६ सेंटिमीटरवरून, त्यापुढचे एकोणीस किलोपर्यंतचे ६१ सेंटिमीटरवरून. बांधलेला बारा इंची पंखा या दुसऱ्या गटात जातो. आता ढोबळ हिशेब करू. ६१ सेंटिमीटरवरून पडलेली वस्तू एका सेंटिमीटरात थांबली, तर तिच्यावर वजनाच्या सुमारे ६१ पट जोर येतो. मोटर पाच किलोची धरली तर मानेला तेवढ्या क्षणी तीनशे किलोंचा झटका. तीच वस्तू पाच सेंटिमीटरांत हळूहळू थांबली, तर जोर बारा पटीवर येतो, म्हणजे साठ किलो. थांबण्याचे अंतर वाढवले, एवढाच सगळा फरक आहे. फोम पूर्ण दबत नाही, साधारण अर्ध्यापर्यंत दबतो. म्हणून पाच सेंटिमीटरांच्या चालीसाठी सगळ्या बाजूंनी सुमारे दहा सेंटिमीटर जाडी हवी. फोम फार मऊ असला तर तळ गाठतो, फार कडक असला तर दबतच नाही. थर्माकोल एकदा चेचला की पुन्हा उभा राहत नाही, म्हणजे दुसऱ्या पडण्याला तो नसल्यासारखाच. थर्माकोलचे सुटे दाणे तर जड वस्तूखालून सरकतात आणि पंखा खोक्याच्या तळाशी जाऊन बसतो. म्हणून एकात एक दोन खोकी, मध्ये योग्य फोम, आणि आतल्या खोक्यात वस्तू तसूभरही हलता कामा नये. हे सगळे मोजता येते, आणि जे मोजता येते ते साधता येते.

साशंक : तुमचे गणित बरोबर आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. पंखा धडधाकट आहे आणि धोका बाहेरून येणार आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. कोकणातल्या जुन्या पंख्याचा धोका पुष्कळदा त्याच्या आतच बसलेला असतो. गिअरची डबी, लहान कड्या, कळ यांसाठी त्या काळी जस्ताचे ओतकाम वापरत. जस्तात शिसे, कथील, कॅडमियम यांचा अंश राहिला की दमट, उबदार हवेत धातूच्या कणाकणांमधून झीज सुरू होते. भाग फुगतो, त्यावर केसासारख्या भेगा येतात, आणि एक दिवस तो हातात भुगा होतो. १९२९ मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने शुद्ध जस्तावर आधारलेले झमाक हे मिश्रधातू आणले, तेव्हा हा दोष आटोक्यात येऊ लागला. त्याआधीच्या पंख्यावर कोकणाचे किती पावसाळे गेले, विचार करा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि गणपतीपुळ्याला तर समुद्र दारातच. खारा वारा, उकाडा, ओल. अशा डबीला बारा पट जोरही सोसणार नाही, दोन पटही सोसणार नाही. तारांचे तेच. जुन्या वायरीवर बाहेरून सुती वेष्टन असते आणि आत रबर. रबर वाळून काचेसारखे कडक होते. पंखा बांधताना ती वायर बैठकीभोवती घट्ट गुंडाळली की आतले रबर तडकते, वरून काही दिसत नाही. पुढे कुणी उत्साहाने प्लग लावला की बिडाच्या बैठकीत वीज उतरते. तुमचे खोके न फुटता, न चेपता पोचेल, आणि आतला पंखा माणसाला मारायला तयार असेल.

हौशी : म्हणूनच बांधणी खोक्यापासून सुरू करायची नाही, तपासणीपासून करायची. क्रम सांगतो. पहिल्यांदा दिवसाच्या उजेडात, भिंग घेऊन, मान, गिअरची डबी आणि जाळीचे पाय यांवर भेग आहे का पाहायचे, आणि प्रत्येक बाजूचा फोटो घ्यायचा. मग मीठ पुसायचे. कोरड्या सुती कापडाने धूळ आणि खार काढून पितळेवर मेणाचा पातळ हात द्यायचा, घासून चकचकीत करायचे नाही. तेलाच्या वाट्या रिकाम्या करायच्या, नाहीतर वाटेत तेल मोटरीच्या वेटोळ्यांत उतरते. डीसीवर चालणारा पंखा असेल तर आतले कार्बनचे ब्रश काढून कागदात वेगळे ठेवायचे. मग जाळी उतरवायची, कारण बाजूचा धक्का पहिला तिलाच बसतो आणि ती तो आपल्या पायांवाटे मोटरीच्या कानांवर टाकते. मग पाती. पात्यांच्या मधल्या तुंब्यात एक बारीक ग्रब स्क्रू असतो, तो सैल केला की पाती दांड्यावरून पुढे सरकतात. पाती वेगळ्या खोक्यात ठेवायची, आणि आधार तुंब्याला द्यायचा, पात्यांना नाही. एक पाते दोन-तीन मिलिमीटर वाकले तरी पंखा चालताना थरथरतो आणि सगळे बेअरिंग खाऊन टाकतो. बैठक जाड प्लायवूडच्या फळीवर बोल्टने आवळायची. मोटरीच्या खाली दोन्ही बाजूंनी फोमचे ठोकळे असे लावायचे की तिचे वजन ठोकळ्यांवर बसेल आणि मानेवर काही येणार नाही. वायर मोठ्या सैल वेटोळ्यात, कुठेही न दुमडता. रंगाला आधी मऊ सुती कापड, त्यावर बबल रॅप, कारण बबल रॅप सरळ रंगावर गुंडाळला तर उन्हाळ्यात त्याच्या फुग्यांचे ठसे उठतात. वर्तमानपत्र नको, ते दबते आणि शाई सोडते. सिलिका जेलच्या पुड्या आत, आणि ही बांधणी शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत करायची. आषाढात बांधलेले पार्सल म्हणजे आषाढाची ओल प्लॅस्टिकात कोंडून पाठवणे. आणि पोचल्यावर वीज लावण्यापूर्वी मेगरने इन्सुलेशन तपासायचे, हा कागद खोक्यातल्या पहिल्या थरावरच ठेवायचा. आता सांगा, यातला कुठला धोका मी मोकळा सोडला?

साशंक : एक सोडलात, आणि तो तुमच्याच हातून घडणार आहे. तुम्ही म्हणालात, ग्रब स्क्रू सैल केला की पाती सरकतात. समुद्राकाठच्या पंख्यात तो सैल होत नाही. लोखंडाचा स्क्रू, पितळेचा तुंबा, मध्ये खारी ओल; दोन धातू एकमेकांना धरून बसतात. तुम्ही जोर लावता, स्क्रूची खाच खलास होते. मग ड्रिल आणता, तुंबा खराब होतो. जाळीच्या स्क्रूचे तेच, नावाच्या पट्टीखालच्या रिव्हेटचे तेच. प्रवासात मोडू नये म्हणून उघडलेला पंखा उघडताना मोडतो. आणि मोडला नाही तरी काहीतरी जातेच. कारखान्यात पहिल्यांदा आवळलेले स्क्रू, त्यांच्या खाचांवरचा मूळ रंग, पात्यांच्या मागे तुंब्यावर बसलेली धूळ आणि तेलाची पुटे. पंख्याला कुणी कधी हात लावला नाही, हे सांगणारा पुरावा तो एवढाच. कुरिअरने मोडलेला पंखा निदान दिसतो. तुम्ही सुरक्षिततेसाठी उघडलेला पंखा दिसत नाही, आणि तुमचे पार्सल तर यशस्वी म्हणून मोजले जाते.

हौशी : हा आक्षेप मला पटतो, पण त्यावरही रीत आहे. जाम झालेल्या स्क्रूला आत शिरणारे तेल लावायचे आणि आठवडा थांबायचे. खाचेत बरोबर बसणारेच पाते वापरायचे. आधी किंचित आवळायचा प्रयत्न करायचा, मग सोडवायचा. तरीही हलला नाही तर तिथे थांबायचे. मग पंखा अखंड पाठवायचा, पण बांधणी बदलायची. जाळीच्या आत पात्यांना तीन ठिकाणी फोमचे तुकडे धरायचे म्हणजे ती फिरणार नाहीत. जाळीच्या पुढे आणि कडेने मोकळी जागा राखायची, खोक्याची भिंत तिला टेकताच कामा नये. सगळा भार बैठक आणि मोटर यांच्यावर घ्यायचा. खोके मोठे होईल, भाडे वाढेल, ते द्यायचे. आणि एक लक्षात घ्या, हे पंखे प्रवासाला नवखे नाहीत. रस्ते चांगले होण्याआधी मुंबईचा माल आगबोटीने जयगड, रत्नागिरीच्या बंदरात येई. बोट दूर नांगरायची, माल पडावात उतरायचा, पडावातून किनाऱ्यावर आणि तिथून बैलगाडीने घरापर्यंत. तेव्हा फोम नव्हता, इस्टा नव्हती. लाकडी खोके, भुसा आणि चांगला सुतार, एवढ्यावर पंखे आले आणि चालले.

साशंक : आले, कारण तेव्हा ते नवे होते. जस्त फुगलेले नव्हते, रबर मऊ होते, बिडात भेग नव्हती. तरुण माणूस पडावातून उडी मारून किनाऱ्यावर येतो, म्हणून त्याच्या आजोबांनी तशी उडी मारावी असे होत नाही. दुसरे असे की तेव्हा त्या खोक्याबरोबर घरचा माणूस असे. हमालाला ‘जपून’ म्हणणारा, पडावात स्वतः खोके धरून बसणारा. आजचे पार्सल गणपतीपुळ्याहून रत्नागिरी, तिथून मुंबई, मग पुढे, आणि प्रत्येक ठाण्यावर गाडी बदलते. रस्त्याचे खड्डे स्क्रू सैल करतात, पण खरे नुकसान चढवता-उतरवताना होते. तिथल्या माणसाला रात्रीत शेकडो खोकी हलवायची असतात. तुमचा ‘नाजूक’ हा लाल कागद तो वाचत नाही, आणि वाचला तरी त्याच्याकडे वेगळे काही करायला वेळ नसतो. तो कागद फक्त पाठवणाऱ्याच्या मनाला बरे वाटावे म्हणून असतो. तुम्ही जे सांगताय ते सगळे बांधणीबद्दल आहे, आणि जे गेले आहे ते सोबत आहे.

हौशी : सोबत प्रत्येकाला परवडत नाही. स्वतः मोटारीने किंवा कोकण रेल्वेने हातात घेऊन जाणे हाच सर्वांत चांगला मार्ग, हे मी कधी नाकारले नाही. पण गावात सत्तरीची बाई एकटी, मुलगी परदेशात, घर विकायला काढलेले. तिला तुम्ही सांगणार का, स्वतः घेऊन जा, नाहीतर पाठवू नका? तिचा पुढचा फोन भंगारवाल्याला असेल. मुलीला तो पंखा हवा आहे, कारण लहानपणी त्याच्यासमोर तोंड धरून ती हाका मारायची. तो तिच्यापर्यंत पोचवण्यासाठीच बांधणीची ही विद्या आहे.

साशंक : परदेशाचे नाव काढलेत, मग दोन भिंती तुमच्यापुढे उभ्या आहेत. पहिली कायद्याची. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या, त्या काळच्या शास्त्राचा किंवा कारागिरीचा दाखला देणाऱ्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. १९१५ चा पंखा त्यात बसतो की नाही, हे तुम्ही किंवा मी ठरवायचे नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागेल. दुसरी भिंत लाकडाची. परदेशी जाणाऱ्या कच्च्या लाकडाच्या पेटीला आयएसपीएम १५ हा नियम लागतो. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग तीस मिनिटे तापवलेले हवे आणि त्यावर तसा शिक्का हवा, कारण लाकडातून कीड देशोदेशी जाते. आपल्या आंब्याच्या पेटीच्या फळ्या आणि भाताचा पेंढा तिथे मुळीच चालणार नाहीत. अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांसारखे देश भाताच्या पेंढ्याला दारातच अडवतात.

हौशी : दुसरी भिंत सोपी आहे. प्लायवूडला तो नियम लागत नाही, म्हणून पेटी प्लायवूडची करायची. आणि ती खिळ्यांनी ठोकायची नाही, स्क्रूने आवळायची. खिळ्यांची पेटी उघडणारा हातोडा आणि पहार घेतो, आणि साऱ्या प्रवासात बसला नाही एवढा धक्का तिथे बसतो. फोमऐवजी काथ्या वापरावा असे आपल्याकडे कुणी सुचवील. तो लवचिक असतो हे खरे, पण खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणातून काढलेल्या काथ्यात मीठ राहू शकते आणि ते पितळेला डसते. पहिल्या भिंतीबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. मात्र वय ठरवताना लोक एक गफलत करतात. बैठकीवरच्या पट्टीवर पेटंटच्या तारखा असतात आणि लोक तेच पंख्याचे वर्ष धरतात. पेटंटची शेवटची तारीख एवढेच सांगते की पंखा त्याआधीचा नाही. तो पंधरा वर्षे नंतरचाही असू शकतो. म्हणून पट्टीचा फोटो, मॉडेलचा क्रमांक, पात्यांची संख्या, जाळीची घडण हे सगळे नोंदवून तज्ज्ञाकडे जायचे. शंभरी ओलांडली असेल तर पंखा देशातच राहील. त्यात मला काही गैर वाटत नाही.

साशंक : देशात राहील असे तुम्ही सहज म्हणालात. मी एक पाऊल पुढे जाऊन विचारतो, गावात का राहू नये? गणपतीपुळ्याचा देव स्वयंभू आहे, डोंगराशी एकरूप आहे. म्हणून इथे प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला घालतात. देव जागा सोडत नाही, माणसे त्याच्याभोवती फिरतात. वस्तूंच्या बाबतीत आपण नेहमी उलटे का करतो? चाकरमान्याने आणलेला पंखा पडवीत का होता, तो गावातला कितवा, त्याच्या वाऱ्यात कोण बसायचे, कोण बसू शकत नसे, हे सारे त्या घराला चिकटलेले आहे. पुण्यातल्या संग्राहकाच्या कपाटात तो पंधरावा पंखा होईल, चकचकीत, आणि मुका. इथे ‘प्राचीन कोकण’सारखे संग्रहालय आहे, रत्नागिरीत थिबा राजवाड्यात संग्रहालय आहे. जिल्ह्याला आपल्या विजेच्या, पंख्यांच्या, चाकरमान्यांच्या वस्तू जपायची गरज नाही का? बांधणीची विद्या इतकी चांगली झाली की गावाबाहेर नेणे सोपे होते, हाही तिचा एक परिणाम आहे.

हौशी : जागेचे मोल मी मानतो. पण ज्या हवेने जस्त फुगवले, रबर वाळवले, त्या हवेतच ठेवून तो पंखा किती वर्षे टिकेल? संग्रहालयाने घ्यायचा तर ओल आवरलेली खोली हवी, दरवर्षी उघडून बघणारा माणूस हवा. ते असेल तर मीच पंखा उचलून तिथे नेऊन ठेवीन. नसेल, तर गावात राहणे याचा अर्थ माळ्यावर गंजणे, आणि गंजून झाल्यावर भंगार. तुम्ही माझ्या पार्सलची तुलना सुरक्षित घराशी करता. ती भंगाराच्या गोणीशी करा. आपल्याच लोकांनी हे करून दाखवले आहे. पेणचे गणपती समुद्र ओलांडून परदेशातल्या मराठी घरांत जातात. शाडूच्या मूर्तीची सोंड, हात, बोटे पंख्याच्या मानेपेक्षा नाजूक असतात, तरी त्या पोचतात.

साशंक : पेणचा दाखला दिलात ते फार बरे झाले, कारण आपला खरा मतभेद तिथेच आहे. पेणचा कारखानदार शंभर मूर्ती पाठवतो. दोन दुखावल्या तर तो पुढच्या वर्षी बांधणी सुधारतो, आणि ज्याची मूर्ती गेली त्याला दुसरी देता येते. मूर्ती तर विसर्जनासाठीच असते, दरवर्षी नवी घडते. आंब्याचेही तसेच, पेटीत दोन फळे खराब निघतील हे धरूनच भाव ठरतो. तुमची इस्टाची चाचणीही मुळात कारखान्याच्या मालासाठी आहे. एक नमुना आपटून बघायचा, फुटला तर बांधणी बदलायची आणि दुसरा नमुना आपटायचा. बांधणीचे सगळे शास्त्र शेकडेवारीवर उभे आहे. एकुलत्या वस्तूला शेकडेवारी नसते. तिच्यासाठी चाचणी आणि प्रवास ही एकच गोष्ट असते. शंभरातले अठ्ठ्याण्णव पोचतात हे त्या बाईला सांगून काय उपयोग? तिच्याकडे शंभर नाहीत. आणि नुकसानभरपाईचे पैसे आले तरी त्या पैशांत तिच्या नवऱ्याने पहिल्या पगारात घेतलेला पंखा मिळत नाही.

हौशी : हे तुम्ही नेमके बोललात, आणि याला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. पण अर्धे आहे. चाचणी एकुलत्या पंख्याची करता येत नाही, बांधणीची करता येते. त्याच खोक्यात, त्याच फोममध्ये, त्याच वजनाचा आणि तशाच आकाराचा एखादा मोडका पंखा किंवा बिडाचे तुकडे बांधून ते दहा वेळा आपटायचे, उघडून बघायचे, मग खरा पंखा आत ठेवायचा. याने बाहेरचा धोका बराच कमी होतो. आतला धोका, जस्ताचा, भेगांचा, तसाच राहतो हे मान्य. म्हणून मी माझा दावा आवरता घेतो. सुरुवातीला मी म्हणालो होतो की नीट बांधलेले पार्सल वाट पार करते. आता म्हणेन की नीट बांधलेले पार्सल वाटेचा धोका घेते, वस्तूच्या वयाचा घेऊ शकत नाही. पण तुमच्या बाजूलाही एक जबाबदारी येते. पाठवू नका म्हणणाऱ्याने पंख्याचे पुढे काय होईल हेही सांगितले पाहिजे. ‘असू दे जागेवर’ हे उत्तर माळ्यावरच्या ओलीत रोज थोडे खोटे ठरते.

साशंक : तेही मान्य. माझाही दावा मी आवरतो. पाठवूच नये असे मी म्हणणार नाही. पण पाठवणारा एक निर्णय घेतो आणि तो घेतोय हे त्याला कळतही नाही. पंखा उघडला तर मूळपण थोडे जाणार, अखंड पाठवला तर मोडण्याची भीती वाढणार, न पाठवला तर हवा खाणार. तीनपैकी कुठले नुकसान पत्करायचे हे फोम ठरवत नाही, खोके ठरवत नाही. ते माणसाने ठरवायचे, आणि ज्यांचा तो पंखा आहे त्यांच्याशी बोलून ठरवायचे. संग्राहकाला अखंडपणा प्यारा असेल, मुलीला तो फिरताना बघायचा असेल, गावाला त्याची गोष्ट हवी असेल. तिघांसाठी बांधणी तीन तऱ्हेची होईल. यातली कुठली योग्य, हे मला आजही सांगता येत नाही.

हौशी : मलाही नाही. पण ज्याच्या माळ्यावर असा पंखा आहे, त्याला आपण दोघे मिळून एवढे नक्की सांगू शकतो. जस्ताच्या भागावर भेग दिसली तर तो पार्सलने पाठवू नका, घरचे माणूस जाईपर्यंत थांबा. भेग नसेल तर कोरड्या दिवसांत, मानेवर भार न ठेवता, दोन खोक्यांत बांधा, आणि जो स्क्रू सहज सुटत नाही तो सोडवू नका. पंख्याचे वर्ष, तो कुणी आणला, कुठे होता, हे कागदावर लिहून आत ठेवा, कारण पंखा मोडला तरी तेवढे पोचेल. आणि यातले काहीच जमत नसेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी जवळच्या संग्रहालयाला किंवा जुने पंखे दुरुस्त करणाऱ्या एखाद्या माणसाला एक फोन करा.